सगळ्या डिझाइनी एकाच वजनाच्या

मी सातवी नापास. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हातारी उगीच शहाणपण दाखवतेय. कम्प्युटर मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शिकले, तेही कुणी शिकवलं म्हणून नव्हे, चुकत चुकत. आणि सगळ्यात मोठी चूक केली ती चांगलं सहा-सात वर्षं काम केल्यावर, गेल्या उन्हाळ्यात. तिचीच ही हकीकत.

आमचं घर सोलापूरजवळ, कुंभारीच्या वसाहतीत. पुढच्या खोलीत चादरी-टॉवेलांच्या डिझाइनीचं काम चालतं. आमचे मालक होते तोवर ते ग्राफच्या कागदावर डिझाइन काढायचे आणि मी कार्डं पाडायचे. जकार्डाचा माग म्हणजे कसं, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं असतात, जिथं भोक तिथला धागा उचलायचा, जिथं नाही तिथला खाली ठेवायचा. ग्राफवरची एक ओळ म्हणजे एक कार्ड. शेकडो कार्डं दोरीनं ओवायची, त्यांची माळ करून खुंटीला टांगायची. तीस वर्षं मी भोकं पाडली. पुढं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, कार्डं गेली, पेनड्राइव्ह आला. मालकही गेले. ग्राफाच्या गुंडाळ्या तेवढ्या राहिल्या.

त्या गुंडाळ्यांना वाळवी लागलेली बघून मी हादरले आणि कम्प्युटरला हात घातला. एकेक ग्राफ समोर धरून चौकोन चौकोन भरला. दोन वर्षं लागली. एकशे बारा डिझाइनी. वाळवीचे कागद नंतर अंगणात जाळले. म्हणजे मालकांचं जे काही होतं ते आता कम्प्युटरातच होतं, दुसरीकडं कुठं नाही. तीन-चार डिझाइनी कारखान्यांना दिलेल्या पेनड्राइव्हवर असतील, पण ज्या कारखान्यांत जुन्या डिझाइनी विणल्या जायच्या ते कारखानेच आता बंद.

हे सगळं राहायचं कुठं, तर एका काळ्या पेटीत. पुण्याला माझ्या बहिणीची मुलगी असते, कम्प्युटरच्याच कामात. तिनं तिचा एक जुना कम्प्युटर फळीवर बसवून दिला. त्याला पडदा नाही, की-बोर्ड नाही, नुसता एक हिरवा दिवा लुकलुकतो. त्यात लिनक्स आहे म्हणे. मी ज्याच्यावर डिझाइन काढते तो विंडोजवाला, आणि सूनबाईचा लॅपटॉप मॅक, तोही भाचीनंच वापरून दिलेला. तीन कम्प्युटर, तिघांची जात वेगळी, आणि बाकीचे दोघं वायरीनं त्या पेटीतलंच बघायचे. उन्हाळ्यात पेटी तापते म्हणून मी टेबलफॅन तिच्याकडं तोंड करून लावते. सून म्हणते, "आई, आपल्याला वारं नाही आणि पेटीला फॅन." मी म्हणते, "पेटीत तुझे सासरे हायत."

सूनबाई वेळापूरची, बी. एस्सी. झालेली, कामाला चटपटीत. तिला माझी मांडणी आवडायची नाही. माझी मांडणी कार्डांच्या खोलीतली, चादरीच्या डिझाइनी एका फोल्डरात, टॉवेलच्या दुसऱ्यात, नाव म्हणून नुसता नंबर. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं मोराचं दाखवा, की मला तोंडपाठ, तिला नाही. म्हणून तिनं भाचीला फोन करून नवी मांडणी ठरवली. मोराच्या चादरींचा फोल्डर वेगळा, मोराच्या टॉवेलांचा वेगळा, वेलाचं आणि काठांचंही तसंच. दोन दिवस तिच्या लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता मला म्हणाली, "आई, सगळ्या डिझाइनी नव्या जागी लावल्यात. एकशे बाराच्या एकशे बारा. बघून घ्या." आणि ती बँकेत गेली, आधारकार्डाचं काहीतरी होतं.

मी बघून घेतलं. मोर किती, वेल किती, काठ किती, कागदावर मांडून बेरीज केली. एकशे बारा भरले. आणि मग मी जे केलं ते तुम्हाला कळायचं तर कार्डांच्या खोलीतला एक रिवाज सांगायला पाहिजे.

नवी माळ ओवून झाली की जुनीची दोरी तिथल्या तिथं कापायची. एकाच डिझाइनच्या दोन माळा खोलीत ठेवायच्या नाहीत. ठेवल्या तर कधी ना कधी कुणीतरी जुनी, झिजलेली माळ मागावर चढवतं आणि अख्खी चादर वाया जाते. दोरी कापली की प्रश्न मिटला. कापलेली कार्डं बंबात जायची, अंघोळीचं पाणी तापायला. मालक स्वतः कात्री घेऊन उभे राहायचे. "मोजलीस?" "मोजली." "मग काप."

मी मोजलं होतं. मी कापलं. चादरीचा जुना फोल्डर आधी, मग टॉवेलचा. कम्प्युटरनं विचारलं, कायमचं काढायचं का? मी म्हटलं, व्हय बाबा, कायमचं. दाबलं.

मग सहज म्हणून नव्या जागेतला अठरा नंबर उघडायला गेले. अठरा नंबर म्हणजे दोन मोर आणि मधे कलश, मालकांनी काढलेली पहिली मोठी चादर. प्रोग्राम म्हणाला, ही फाइल वाचता येत नाही. मला वाटलं एखादी बिघडली असेल. एकोणीस उघडली. वाचता येत नाही. वीस. बावीस. 

खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत बसले. परत अठरा. तेच. कचऱ्याच्या डब्यात बघितलं तर तिथं काही नाही. नंतर कळलं की वायरीपलीकडचं पुसलं तर ते आपल्या डब्यात येतच नाही. आणि तेवढ्यात माझी नजर फाइलींच्या यादीतल्या शेवटच्या रकान्यावर गेली. तिथं प्रत्येकीचं वजन लिहिलेलं असतं. दोन केबी. खाली दोन केबी. त्याच्या खाली दोन केबी. मोर असो, वेल असो, चार बोटांचा काठ असो नाहीतर अख्खी चादर असो, सगळ्या दोन केबी.

तिथं माझं डोकं चाललं ते कम्प्युटरच्या बाईचं नाही, कार्डांच्या बाईचं. चादरीची माळ दोघांनी उचलायची आणि टॉवेलची मी एका हातानं न्यायचे. एका वजनाच्या एकशे बारा माळा जगात होणं शक्य नाही. म्हणजे ह्या माळाच नव्हत्या. मी मोजलं होतं, पण उचलून बघितलं नव्हतं.

मग हे आहे तरी काय? आमच्या कम्प्युटरात कोरं पान असतं ना, चिठ्ठीपत्री लिहायचं, त्यात मी अठरा नंबर उघडून बघितला. पहिल्या ओळीत इंग्रजी चार अक्षरं. खाली आकडे. त्याच्याखाली अक्षरं-आकड्यांची लांबलचक भेळ. आणि शेवटी तिरक्या रेघा मारून लिहिलेलं काहीतरी, त्यात मला एक शब्द ओळखीचा दिसला, माझ्या जुन्या फोल्डराचं नाव. जे मी आत्ताच पुसलं होतं.

भाचीला फोन लावला. कापला. परत लावला. कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि कुजबुजली, "मावशे, मीटिंगमध्ये हाय. कोण आजारी हाय का?"

"न्हाय गं. तुझ्या काकाची डिझाइनं गेली."

मग पावलांचा आवाज, दाराचा आवाज, आणि तिचा नेहमीचा मोठा आवाज. "काय झालं ते नीट सांग. आधी एक सांग, फाइल उघडल्यावर काय दिसतंय? अक्षर अक्षर वाच."

मी चष्मा पुसला आणि वाचलं. "एक्स. एस. वाय. एम."

"अरे देवा," ती म्हणाली. "वहिनीनं कमांड कुठं दिली? पेटीत शिरून का तिच्या लॅपटॉपवर?"

"मला काय म्हाईत? लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली हुती दोन दिवस."

"झालं मग. मावशे, ऐक. ही डिझाइनं न्हाईत. ह्या सिमलिंका हायत."

"सिम? मोबाइलातलं?"

"न्हाय गं! चिठ्ठी. नुसती चिठ्ठी. खरी फाइल अमुक ठिकाणी हाय, तिकडं जा, एवढंच लिवलेलं असतं. मीच वहिनीला म्हणले हुते, फाइली हलवू नको, हाय तिथं राहू दे, नव्या जागी फकस्त चिठ्ठ्या लाव."

हे मला चटकन समजलं, कारण आम्हीही करायचो. एखादी माळ दुरुस्तीला काढली की रिकाम्या खुंटीला चिठ्ठी अडकवायची, अठरा नंबर तिसऱ्या भिंतीला. पण मग माझा प्रश्न असा की चिठ्ठी वाचून कम्प्युटर तिकडं का जात नव्हता? आणि सूनबाईकडं तर सगळं व्यवस्थित उघडत होतं. तिनं मला मोर दाखवला होता की, कालच.

भाची म्हणाली, "तुझं माहेर केम ना? केमात तुला कुणी सांगितलं, वरच्या अंगाला, चिंचेपाशी, तर तू जाशील का न्हाय?"

"डोळं झाकून जाईन."

"तीच चिठ्ठी सोलापुरात रिक्षावाल्याला दे. जाईल का? वहिनीच्या लॅपटॉपनं चिठ्ठी त्याच्या बोलीत लिवली आन पत्ता पण त्याच्या घरातनं निघायचा दिला. त्यालाच वाचता येती. विंडोजला ती चिठ्ठी हाय हेच कळंना, त्याला वाटतंय हेच डिझाइन. पेटीत बसून चिठ्ठ्या केल्या असत्या तर सगळ्यास्नी कळल्या असत्या."

"आगं पर आता चिठ्ठी वाचता आली तरी उपेग काय? मी खुंटीवरनं माळच काढून टाकली."

हे मी पहिल्यांदा तोंडानं बोलले. भाची म्हणाली, "पेटीवर आता काही लिवू नको. काही सेव्ह करू नको. तुझ्या कम्प्युटरची वायर उपट. पेटी मात्र बंद करू नको. वहिनी कुटं हाय?"

"बँकेत."

"तिला बोलव. तिच्याबिगर व्हायचं न्हाय. पेटीच्या आत तिच्याच लॅपटॉपवरनं जाता येतंय."

मला नेमकं तेच नको होतं. मला वाटलं होतं सून यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवावं. ती काही बोलणार नाही हे मला ठाऊक, आणि न बोलणारी सून म्हणजे काय असतं ते ज्या सासवांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पण फोन केला. म्हटलं, "पोरी, काम झालं असंल तर ये. न्हाय झालं तरी ये."

ती येईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला असेल. मी पेटीसमोर स्टूल घेऊन बसले. हिरवा दिवा लुकलुकत होता. नेहमी लुकलुकतो, पण त्या दिवशी प्रत्येक लुकलुकीला मला वाटायचं, गेला एक मोर. आता गेला वेलीचा काठ. आत कुणीतरी कात्री घेऊन बसलंय आणि एकेक दोरी कापतंय. बंद करावी तर भाची नको म्हणालेली. मधेच लाइट गेली, फॅन थांबला, पेटी इन्व्हर्टरवर गेली आणि टूं टूं करायला लागली. मी पुठ्ठ्यानं पेटीला वारा घालत बसले. सूनबाई दारात आली तेव्हा तिनं हे बघितलं, सासू पेटीला वारा घालतेय आणि डोळ्यांतून पाणी.

"आई, पेटी जळली का?"

"न्हाय. मी जाळली."

सांगितलं सगळं. ती पिशवी तशीच हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, बघून घ्या."

"बघितलं की. मोजलं."

"पुसायला कुठं म्हटलं होतं?"

"नव्या जागी लावल्या म्हणालीस ना? नवी लावली की जुनी मोडायची. रिवाज हाय आमचा."

"आणि मी फाइली हलवल्याच नव्हत्या. लिंका लावल्या होत्या."

"मग लावल्या कशाला म्हणालीस? चिठ्ठ्या अडकवल्या म्हणायचं."

मग तिचं तिलाच काहीतरी लागलं, चेहरा उतरला. "माझ्याकडं उघडत होत्या हो आई सगळ्या. मी तुमच्या कम्प्युटरवर एकदा उघडून बघायला पाहिजे होतं." बोलणं तिथंच थांबलं, कारण भाचीचा फोन वाजत होता.

फोन स्पीकरवर टाकून मधे ठेवला. सूनबाईनं लॅपटॉप उघडला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. भाची सांगेल तसं ती टाइप करत होती, आणि प्रत्येक अक्षराला मी देवाचं नाव घेत होते.

"वहिनी, मी पेटी बसवली तवा एक कचराकुंडी लावली हुती का न्हाय, मला नक्की आठवंना," भाची म्हणाली. "मावशी कवातरी काहीतरी पुसणार, हे ध्यानात धरून लावायचं मनात तर हुतं. नावाआधी टिंब दिलं असंल. टिंब दिलं की तो फोल्डर दिसत न्हाय कुणाला. बघ बरं, टिंबासकट यादी काढ."

सूनबाईनं टाइप केलं. यादी आली. मी चष्म्यातून बघतेय, मला काहीच कळत नाही. सून बोटानं ओळी मोजल्यासारखं करत खाली जात होती. बोट थांबलं.

"टिंब कचरा," ती म्हणाली.

"आत जा!" भाची पुण्यातून ओरडली, तिच्या ऑफिसात किती जणांनी मान वळवली असेल कुणास ठाऊक.

आत नंबर होते. एक, दोन, तीन, पाच. माझे नंबर. मी म्हटलं, वजनं बघ. आधी वजनं बघ. तिनं वजनं काढली. कुणाचं एकाला एक जुळत नव्हतं. लहान, मोठं, लई मोठं. मी तिथंच फरशीवर बसले.

"किती हायत?" भाचीनं विचारलं.

सूनबाईनं मोजलं. परत मोजलं. "एकशे पाच."

"एकशे बारा पाहिजेत की," मी खालून म्हटलं.

भाची हळू आवाजात म्हणाली, "मावशे, तुझ्याकडं एकाच नंबरची चादर आन टॉवेल दोन्ही हुतं का?"

होतंच. डिझाइन एक असेल तर नंबर एकच, टॉवेलावर ते फक्त लहान आणि सोपं करून घेतलेलं, चादरीची माळ ह्या भिंतीला, टॉवेलची त्या भिंतीला. सात नंबर असे जोडीचे होते. आणि कचराकुंडीत भिंती नव्हत्या. सगळं एकाच ढिगात. आधी चादरीचा अठरा पडला, मग त्याच नावाचा टॉवेलचा अठरा आला आणि त्याच्या जागी बसला. भाची म्हणाली, "एका नावाचं दोन आलं तर दोन्ही ठेव, असं एक ओळ लिवून सांगायचं असतं. ती मी लिवली न्हाय. माझं चुकलं."

म्हणजे आम्ही तिघींनी मिळून सात चादरी घालवल्या. प्रत्येकीनं आपापला वाटा उचलला होता, कमी कुणीच पडलं नव्हतं. भाचीनं पुढं दोन दिवस पेटीच्या आत काय काय शोधलं, पण आल्या नाहीत त्या.

एकशे पाच जागेवर आल्यावर कुणीही म्हणेल, बाई, सुटलीस. मला काही सुटल्यासारखं वाटेना. जेवायला बसले की अठरा नंबर डोळ्यापुढं यायचा, आणि नीट यायचाही नाही. हेच भीतीचं होतं. मी तो ग्राफ बघून चौकोन भरले होते, त्याआधी तीनदा त्याची कार्डं पाडली होती, आणि तरी मला कलशाचा आकार सांगता येईना. ओळ ओळ करून काम करणाऱ्याला अख्खं चित्र कधी दिसतंच नाही.

सूनबाईच म्हणाली, "आई, डिझाइन गेलं तरी चादर कुठं जाते? कुणाच्या तरी पलंगावर असेलच की."

तिच्या ह्या एका वाक्यावर मी तिचं सगळं माफ केलं, तिनं माझं केलं की नाही ते विचारलं नाही. आमच्याच ट्रंकेतून तीन निघाल्या. बहिणीकडून एक आली, केमहून रेल्वेनं येणाऱ्या माणसाबरोबर. वसाहतीत दोन घरी दोन सापडल्या. भिंग लावून धागे मोजायचे, मी आकडा बोलायचा, तिनं चौकोन भरायचे. आकड्यावरून आमची भांडणं व्हायची. "सतरा म्हणालात." "सात म्हणले." "आई, सतरा." सहा परत मिळाल्या. अठरा नंबर कुठंच मिळेना.

मग एका दुपारी मी आमच्या मागच्या गल्लीत अम्मांकडं गेले होते, मेथीची जुडी द्यायला. अम्मा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळतात. सूप मांडीवर, पानं भिजवलेली बाजूला, बोटं चाललेली. आणि ज्या कापडाच्या घडीवर त्या बसल्या होत्या तिच्यावर माझी नजर गेली. किनारीचा रंग उडालेला, पण ती किनार माझ्या बोटांनी ओळखली.

"अम्मा, उठा."

"का गं? काय झालं? विंचू?"

"उठा हो, खाली काय हाय ते बघू द्या."

"लेदम्मा, नाही गं. आज माल द्यायचाय. तू संध्याकाळी ये."

मी काही ऐकलं नाही, हाताला धरून उठवलं. घडी उलगडली. अठरा नंबर. त्यांच्या मुलीच्या लग्नात आमच्या मालकांनीच दिलेला. पण अर्धा! आडवा कापलेला. खालची बाजू होती, मोरांचे पाय, पिसारे, पोट, कलशाचा तळ. मान सुरू होते तिथं कात्री चालली होती.

"वरचा अर्धा कुठं हाय?"

"तो मुलीच्या बाळंतपणात दुपट्याला गेला. फाटला. कधीच."

अम्मांनी माझ्याकडं बघितलं, मग विड्यांच्या सुपाकडं, आणि म्हणाल्या, "घेऊन जायचं नाही. इथंच मोज. मी दगडावर बसते."

तीन दुपारी आम्ही सासू-सुना अम्मांच्या ओट्यावर चादर पसरून मोजत होतो. सूनबाईनं लॅपटॉपच तिथं आणला. रोज त्यावर बसून बसून मधला भाग इतका घट्ट झाला होता की धागा सुटा दिसेना, सुईच्या टोकानं एकेक उचलून मोजावा लागला. कापलेल्या कडेपर्यंत आलो आणि थांबलो.

"टॉवेलचा मोर समोर बघतोय," सूनबाई म्हणाली. "तसंच डोकं लावू या?"

मलाही तसंच आठवत होतं. अम्मा विडीचं तोंड मोडत म्हणाल्या, "समोर नाही. मागं बघत होता. मान वळवून, स्वतःच्या पिसाऱ्याकडं."

"अम्मा, तीनदा कार्डं पाडलीत मी ह्याची."

"तू भोकं पाडलीस. मी पांघरली होती."

मी भिंग घेऊन कापलेल्या कडेवर आडवी झाले. शेवटच्या पाच-सहा ओळीच काय त्या मानेच्या होत्या. एक ओळ, दुसरी ओळ. प्रत्येक ओळीत मान एक धागा सरकत होती, आणि सरकत होती पिसाऱ्याच्या बाजूला. मागं. मी तीनदा मोजलं. सूनबाईला मोजायला लावलं, आणि आकडा तिला आधी सांगितला नाही. तिनंही तेच सांगितलं.

"मागं बघत होता," मी म्हटलं.

"मग मी काय सांगत होते," अम्मा म्हणाल्या.

कडेच्या वरचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मानेचा बाक किती, चोच केवढी, तुरा कसा, काही नाही. ते मी काढलं. आयुष्यात पहिल्यांदा समोर काही नसताना चौकोन भरले. वाटत होतं मागून मालक बघतायत आणि म्हणतायत, हे काय काढलंस. चार दिवस लागले त्या एवढ्याशा डोक्याला.

सेव्ह केल्यावर आधी वजन बघितलं. मग सूनबाईच्या लॅपटॉपवर उघडून बघितलं, मग माझ्या. सूनबाईनं पेटीच्या आत शिरून चिठ्ठी केली, ह्या वेळी भाचीनं सांगितल्याप्रमाणं, इथून एक पायरी वर जा आणि शेजारच्या खोलीत शिर, अशी, कुणाच्याही घरातून निघाली तरी पोचणारी. तीही दोघींच्या कम्प्युटरवर उघडून बघितली. चादरीच्या नंबरांपुढं आता "चा" लिहिलंय आणि टॉवेलच्या पुढं "टॉ".

मग कागदावर छापून अम्मांना दाखवायला नेलं. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"डोळा मोठा झालाय," म्हणाल्या.

"किती?"

त्यांनी विडीच्या दोऱ्याचं टोक दाखवलं. एवढा.

त्यांना खरंच आठवत होतं का उगीच म्हणाल्या, मला आजही माहीत नाही. पण घरी आले आणि डोळ्यातला एक चौकोन काढला. सेव्ह करायच्या आधी सूनबाईला हाक मारली. म्हटलं, "जरा हितं येऊन उभी राहा. मी बटण दाबतेय."